चाकणच्या किल्ल्याला त्याची बाग द्या

फाल्गुन लागला की खेड तालुक्यातल्या माळांवर पळस फुलतो. अंगावर एक पान नसलेली झाडे केशरी होऊन जातात. बांधावरचा पांगारा लाल होतो, काटेसावरीची जाड पाकळ्यांची फुले सकाळी टपटप खाली पडतात आणि त्यापाठोपाठ करंज, कडुनिंब, पिंपळ कोवळ्या पालवीने झळकू लागतात. भामा आणि इंद्रायणीच्या खोऱ्यातला हा मुलूख कधी पाहावा असे कोणी विचारले, तर होळी ते गुढीपाडवा हेच उत्तर द्यावे लागेल. पावसाळ्यात इथले डोंगर हिरवे होतात हे खरे, पण तेव्हा सारेच हिरवे असते. वसंतात एकेक झाड वेगळे ओळखू येते.

पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसांना हा ऋतू भेटतो तो कंपनीच्या बसच्या खिडकीतून. फर्स्ट शिफ्टला निघताना अंधार, सेकंड शिफ्टहून परतताना अंधार. उरते ती साप्ताहिक सुट्टी. या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना ती गुरुवारी असते. विजेचा भार विभागला जावा म्हणून पडलेली जुनी रीत अजून चालू आहे. मग मुलांची शाळा बुडवायची की नाही यावर घरात थोडा वाद होतो, पोळी-भाजीचा डबा भरला जातो आणि कुटुंब बाहेर पडते. लोहगड, शिवनेरी, देहू, आळंदी, नाहीतर सरळ मॉल.

चाकणचा किल्ला पाहायला चला, असे मात्र कोणी म्हणत नाही. ते म्हणावेसे वाटेल अशी जागा तिथे करता येईल, आणि ती करण्याची रीतसुद्धा आपल्याच इतिहासात लिहून ठेवलेली आहे.

आधी शिवनेरीकडे पाहू, कारण या पट्ट्यातल्या माणसांची वसंतातली आवडती सहल तीच. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत शिवनेरी आणि लोहगड हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर आणि पश्चिम भागातले दोन किल्ले आहेत. शिवनेरीची पायऱ्यांची वाट सात दरवाजांतून वर जाते. वाटेच्या कडेला वनविभागाने झाडे लावली आहेत, बगीचे केले आहेत. वर शिवकुंजातला जिजाऊ आणि बाल शिवाजींचा पुतळा, गंगा-जमुना टाकी, कमानी मशीद, शिवजन्मस्थानाची इमारत, तिच्यापलीकडे बदामी तलाव आणि टोकाला कडेलोट. शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा, म्हणजे तिथीने फाल्गुन वद्य तृतीयेचा. त्यामुळे पळसाच्या बहरात गडावर माणसांचाही बहर असतो.

गर्दीच्या दिवशी तिथे थोडा वेळ थांबून माणसे कुठे बसतात ते पाहावे. हिरवळीचा तुकडा मोकळा असतो, फार तर त्यावर फोटो काढले जातात. डबे उघडतात ते झाडाखाली. एखाद्या जुन्या झाडाच्या सावलीत तीन कुटुंबे दाटीवाटीने बसलेली असतात. कोणाची शेंगदाण्याची चटणी कोणाच्या पोळीवर जाते आणि आजीला पाय पसरायला जागा करून दिली जाते. मार्चमध्ये अकरानंतर काळा दगड असा तापतो की अनवाणी पाय ठेवता येत नाही. किल्ल्यावरच्या बागेकडून माणसांना काय हवे असते, ते त्या सावलीत दाटलेले घोळके सांगतात. (ओघात एक सूचना: शिवनेरीच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात आणि त्यांनी पर्यटकांवर हल्ले केल्याच्या घटना घडल्या आहेत. उग्र अत्तर, धूर, आरडाओरडा या दिवसांत तिथे नकोच.)

शिवनेरीहून परतताना पुणे-नाशिक महामार्गावर चाकणच्या तळेगाव चौकात गाडी अडकते. कंटेनर, ट्रेलर, कंपन्यांच्या बस, कांद्याचे टेम्पो. त्या चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर चाकणचा किल्ला, म्हणजे संग्रामदुर्ग, उभा आहे. रोज हजारो माणसे त्याच्या बाजूने जातात. त्यांतल्या बहुतेकांनी तो पाहिलेला नसतो.

संग्रामदुर्ग हा भुईकोट. डोंगराचा आधार नाही, कड्याचे संरक्षण नाही. तट, बुरूज आणि खंदक एवढ्यावरच सारी भिस्त. पंधराव्या शतकाच्या मध्यावर बहमनी सरदार मलिक-उत-तुजार याने कोकणावरच्या मोहिमेसाठी चाकणला ठाणे केले होते. पुढे ते निजामशाहीत गेले. मालोजीराजे भोसल्यांना निजामशाहीकडून पुणे आणि सुपे परगण्यांबरोबर शिवनेरी आणि चाकणचे किल्ले मिळाले. शिवाजी महाराजांनी स्वराज्याची उभारणी सुरू केली तेव्हा इथला किल्लेदार फिरंगोजी नरसाळा त्यांच्याकडे आला आणि महाराजांनी त्यालाच किल्ल्यावर कायम ठेवले.

१६६० च्या उन्हाळ्यात शाहिस्तेखान पुण्यात उतरला. २१ जूनला त्याची फौज चाकणसमोर आली. हा सगळा वेढा भर पावसाळ्यातला आहे, हे इतिहास वाचताना विसरले जाते. खंदकात पाणी, मोर्चांत चिखल, भिजलेली दारू आणि आत मूठभर शिबंदी. खानाच्या लोकांनी छावणीपासून ईशान्येच्या बुरुजाखालपर्यंत भुयार खणत नेले. पन्नासहून अधिक दिवस हे खोदकाम चालले. १४ ऑगस्टला सुरुंगाला बत्ती दिली आणि बुरूज त्यावरच्या माणसांसह उडाला. मुघल सैन्य खिंडाराकडे धावले, तर आत मातीचा दुसरा बांध घालून मराठे तयार होते. ती रात्र त्यांनी तशीच काढली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला, मुघलांकडच्या राव भावसिंह हाडाच्या मध्यस्थीने उरलेली माणसे बाहेर आली. मुघलांचे २६८ ठार आणि ६०० जखमी झाल्याची नोंद जदुनाथ सरकारांनी दिली आहे. सपाटीवरच्या एका छोट्या कोटाने दिल्लीच्या फौजेचे जवळजवळ दोन महिने खाल्ले. खानाने फिरंगोजीला बादशाही चाकरी देऊ केली, ती त्याने नाकारली.

पुढे १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या लेफ्टनंट कर्नल डीकनने तोफा लावून हा किल्ला घेतला, आणि इथली लढाई कायमची संपली. मग गाव किल्ल्यावर चढले. आज तटाचे काही भाग, बुरूज, दरवाजाचे अवशेष आणि खंदकाच्या खुणा उरल्या आहेत. आत दामोदर विष्णूचे मंदिर आहे. काही भागाची डागडुजी झाली आहे. चारही बाजूंनी घरे, दुकाने, वाहने. पावसाळ्यानंतर रानगवत आणि घाणेरी एवढी माजते की तट कुठला आणि मातीचा ढीग कुठला ते कळत नाही.

वसंत म्हणूनच महत्त्वाचा. मार्चमध्ये गवत वाळून बसते, झुडपांची पाने गळतात आणि किल्ला उघडा पडतो. दगडांच्या ओळी, चुन्याचा दर्जा, तटाच्या पोटातली भर, खंदकाचा उतार हे सारे तेव्हा दिसते. सकाळी आठच्या तिरप्या उन्हात बुरुजाच्या दगडावरचे छिन्नीचे घाव मोजता येतील इतके स्पष्ट असतात. इतिहासाच्या शिक्षकाने सातवीचा वर्ग न्यायचा असेल तर याच दिवसांत न्यावा. भुयार कोणत्या बाजूने आले असेल, असे विचारून मुलांना ईशान्य दिशा शोधायला लावावी.

आता बागेचे. किल्ला आणि बाग हे समीकरण आपल्याकडे परके वाटते. बाग म्हटली की मुघल, निजामशाही किंवा इंग्रज, आणि मराठ्यांचा किल्ला म्हणजे नुसता दगड, अशी समजूत पक्की आहे. अहमदनगरची फराहबाग डोळ्यांसमोर येते. पाण्याच्या मधोमध बांधलेला तो महाल १५८३ च्या सुमारास पुरा झाला आणि आजही पडक्या अवस्थेत उभा आहे. मराठ्यांच्या किल्ल्यांवर असे महाल नव्हते. बाग मात्र होती, आणि तिच्यासाठी लेखी हुकूम होता.

रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रातले दुर्गांचे प्रकरण प्रत्येक नगरसेवकाने एकदा वाचावे. गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ असे मोठे वृक्ष लावावेत, लिंबू-नारिंगासारखी लहान झाडे लावावीत, फुलझाडे आणि वेली लावाव्यात, उपयोगाचे असो वा नसो, जे झाड तिथे जगेल ते लावून जतन करावे, असे त्यात सांगितले आहे. वेळप्रसंगी निदान त्याचे लाकूड तरी कामी येईल, हा त्यामागचा हिशेब. गडाच्या वाटेवर, बाजारात, तटाजवळ केरकचरा राहू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली ढकलून न देता जागच्या जागी जाळावा आणि त्या राखेवर प्रत्येकाने आपल्या परसात भाजीपाला करावा, हेही त्यात आहे. तीनशे वर्षांपूर्वी कचऱ्याचे खत आणि परसबाग यांचा नियम राज्याच्या कारभारग्रंथात लिहिला गेला, आणि तो किल्ल्यांसाठी लिहिला गेला.

त्याच प्रकरणात आणखी एक सूचना आहे आणि ती आजच्या वृक्षारोपण करणाऱ्यांसाठी फार मोलाची. तटावर उगवणारी झाडे वरचेवर कापून काढावीत, तटावरचे आणि तटाखालचे गवत जाळून गड स्वच्छ करावा, असे अमात्य बजावतात. पिंपळ आतल्या मोकळ्या जागेत हवा, बुरुजाच्या सांध्यात नको. आज बरोबर उलटे झाले आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांवर आतली जागा उघडी-बोडकी आहे आणि वड-पिंपळ-उंबरांची मुळे बुरूज फोडत आहेत. पाच जूनला, पर्यावरण दिनी, उत्साहाने रोपे घेऊन जाणाऱ्या मंडळांनी आधी तटावरची रोपटी मुळासकट काढण्याचे काम हाती घेतले तर किल्ल्याचे अधिक भले होईल. अर्थात तेसुद्धा पुरातत्त्व खात्याच्या माणसाला बरोबर घेऊन, कारण मूळ ओढताना दगड निखळला तर नुकसान दुप्पट.

स्मारकाभोवती बाग करायची म्हटले की आपल्याकडे ठरलेला नकाशा निघतो: हिरवळ, कडेने कापलेली मेंदी, पेव्हर ब्लॉकच्या वाटा, मध्ये कारंजे, रात्री रंगीत दिवे. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला आणि आज त्याच्या जोत्यांच्या चौकटींमध्ये हिरवळ आहे. तिथे दुपारी बाराला गेलेल्या माणसाला तटाच्या सावलीखेरीज फारसा आसरा नाही. हिरवळ ही थंड, दमट इंग्लंडची गोष्ट. तिला आपल्या एप्रिलमध्ये रोज पाणी लागते. ज्या पट्ट्यात गृहसंकुलांना उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, तिथे पिण्याच्या पाण्यावर गवत पोसणे योग्य नाही. पळसाला पाणी लागत नाही, पांगाऱ्याला लागत नाही, बहाव्याला पहिली दोन-तीन वर्षे सोडली तर लागत नाही. वसंतात फुलून पाहणाऱ्याला थक्क करणारी ही सारी झाडे मुरमाड जमिनीत, पावसाच्या भरवशावर वाढतात.

युरोपातल्या राजवाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या बागा पाहायला मराठी माणसे हौसेने जातात. नेदरलँड्समधली क्युकेनहॉफची ट्यूलिपची बाग एका जुन्या किल्ल्याच्या जमिनीवर आहे. १९५० मध्ये ती लोकांसाठी खुली झाली, वर्षातून फक्त वसंतातले काही आठवडे उघडी असते आणि ‘सिलसिला’ चित्रपटामुळे आपल्याकडे घरोघर पोचली. चाकणसाठी अधिक शिकण्यासारखे उदाहरण मात्र फ्रान्समधल्या व्हिलांद्रीचे आहे. लवार नदीजवळचा सोळाव्या शतकातला हा वाडा. एकोणिसाव्या शतकात त्याची मूळ बाग मोडून तिथे इंग्रजी धाटणीचे उद्यान केले गेले. १९०६ मध्ये जोआकीम कार्व्हालो या मूळ स्पॅनिश वैद्यकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या पत्नीने तो विकत घेतला. जुनी कागदपत्रे आणि नकाशे तपासून, ते उद्यान काढून टाकून त्यांनी मूळ पद्धतीची बाग पुन्हा उभी केली. तिथले सर्वांत गाजलेले दालन कोणते? भाजीपाल्याचे. कोबी, गाजर, सॅलडची पाने, वांगी यांचे चौरस वाफे पाहायला जगभरातून लोक जातात.

आपल्याकडे तर कागद शोधण्याचाही त्रास नाही. आज्ञापत्र छापलेले आहे, कोणत्याही चांगल्या ग्रंथालयात मिळते. संग्रामदुर्गाच्या मोकळ्या जागेत अमात्यांच्या यादीप्रमाणे आंबा, फणस, चिंच, लिंबू, नारिंग, फुलझाडे, वेली लावता येतील. एका कोपऱ्यात सतराव्या शतकात या मुलखात पिकत असतील अशा भाज्यांचे परस करता येईल: वांगी, भोपळा, घेवडा, माठ, अंबाडी. टोमॅटो, बटाटा आणि मिरची तेव्हा इथल्या स्वयंपाकघरात रुळलेली होती का, हा प्रश्न मुलांना विचारला की इतिहासाचा एक तास तिथल्या तिथे उभा राहतो. बाहेरच्या कडेला, तटापासून सुरक्षित अंतर राखून, पळस, पांगारा आणि बहावा यांची रांग हवी. पांगाऱ्यावर फेब्रुवारीपासून साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर मधासाठी येऊन भांडतात. ते पाहायला दुर्बिणीची गरज नाही, बसायला एक कट्टा पुरतो.

कारखान्यांच्या पट्ट्यात झाडांची गोष्ट कोण ऐकणार, असे म्हणणाऱ्यांना सुमंत मुळगावकरांची आठवण करून द्यावी लागेल. १९६० च्या दशकात त्यांच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पिंपरी-चिंचवडमध्ये जागा घेतली तेव्हा ती खडकाळ, उजाड होती. मुळगावकरांनी यंत्रांच्या बरोबरीने झाडे लावायला घेतली, पाणी अडवून तलाव केला. आज टाटा मोटर्सच्या आवारातला सुमंत सरोवराचा परिसर पक्ष्यांसाठी ओळखला जातो. ट्रक बनवणाऱ्या माणसाने हे केले आणि त्यासाठी कारखान्याचे काम थांबले नाही. या पट्ट्यातल्या उद्योगाच्या पहिल्या पिढीकडे ही दृष्टी होती. चाकणला आलेल्या दुसऱ्या पिढीतल्या कंपन्यांकडे पैसा त्याहून जास्त आहे.

आणि तो पैसा खर्च करण्याची वाट कायद्यानेच दाखवली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. त्या कामांच्या यादीत ऐतिहासिक वास्तू आणि स्थळांची दुरुस्ती स्पष्टपणे नमूद आहे. चाकणमध्ये बजाज, महिंद्रा, मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन यांचे कारखाने आहेत. त्यांच्या फाटकापासून काही किलोमीटरवर साडेतीनशे वर्षांपूर्वीचा रणसंग्राम झालेली जागा आहे. या कंपन्यांकडे मागायला जायचे तर नगरपरिषद, पुरातत्त्व खाते आणि गावकरी यांनी एक आराखडा घेऊन जावे लागेल. आराखड्याशिवाय गेले तर किल्ल्याला फार तर नावाचा फलक आणि चार बाकडी मिळतील.

दिल्लीतल्या सुंदर नर्सरीचे उदाहरण या बाबतीत जवळचे आहे. हुमायूनच्या मकबऱ्याशेजारची ही जुनी सरकारी रोपवाटिका, आत मुघलकालीन वास्तू, त्यांची वर्षानुवर्षे आबाळ. आगाखान सांस्कृतिक न्यासाने सरकारी खात्यांबरोबर काम करून वास्तूंची डागडुजी केली, झाडे राखली आणि २०१८ मध्ये सुमारे ९० एकरांचे उद्यान लोकांसाठी उघडले. आज दिल्लीतली कुटुंबे हिवाळ्यात आणि वसंतात तिथे सतरंज्या घेऊन जातात. चाकणची जागा त्याच्या तुलनेत चिमुकली आहे. म्हणूनच ते काम आवाक्यातले आहे.

अडचणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. किल्ल्याच्या जुन्या हद्दीत पिढ्यान्पिढ्या राहणारी घरे आहेत. त्यांना अतिक्रमण म्हणून एका झटक्यात उठवण्याची भाषा अन्यायाची आहे आणि तिच्यामुळे काम सुरू होण्याआधीच अडते. जी जागा आज मोकळी आणि सरकारी ताब्यात आहे तिथून आरंभ करावा. खंदकाचा जो भाग शिल्लक आहे त्यात राडारोडा टाकणे आजच थांबवता येते. त्याला निधी लागत नाही, रात्रीची गस्त लागते. राहणाऱ्यांना बागेच्या देखभालीत, चहाच्या टपरीत, वाट दाखवण्याच्या कामात वाटा मिळाला तर तेच तिचे पहिले राखणदार होतील.

दुसरी अडचण माळ्याची. उद्यानाचे उद्घाटन करायला सगळे येतात, दोन वर्षांनी तिथे पाइप फुटलेला असतो आणि झाडांच्या जागी बुंधे. कारण माळी ठेकेदाराचा असतो, दर काही महिन्यांनी बदलतो, झाडाला ओळखेपर्यंत त्याची बदली झालेली असते. किल्ल्यातल्या बागेला तर साध्या माळ्याहून अधिक जाणकार माणूस लागतो. कोणते रोप तटात उगवले की लगेच काढायचे, खणताना खापराचा तुकडा लागला तर कुदळ कुठे थांबवायची, हे त्याला शिकवावे लागेल. दोन कायम माळी आणि पुरातत्त्व खात्याचा एक जबाबदार कर्मचारी एवढे मनुष्यबळ मिळाले तरी संग्रामदुर्गाचे रूप पाच पावसाळ्यांत बदलेल. रंगीत कारंज्यावरचा खर्च वाचवून हे पगार देता येतील.

आणि बाग गुरुवारी उघडी ठेवावी. साधी वाटेल, पण या पट्ट्यासाठी ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, निघोजे, कुरुळी या गावांत भाड्याच्या खोल्यांतून मराठवाडा, विदर्भ, खानदेश, बिहार, ओडिशातून आलेली तरुण मुले राहतात. एका खोलीत चार-पाच जण, शिफ्टप्रमाणे झोपणारे. सुट्टीच्या दिवशी त्यांना बसायला फुकटची, सावलीची, शौचालय आणि पिण्याचे पाणी असलेली जागा जवळपास नाही. बुलढाण्याच्या मुलाला पळस गावाकडचा, ओडिशाच्या मुलालाही गावाकडचा. चाकणने त्यांच्या श्रमावर पोट भरले आहे. संध्याकाळी फोनवर आईशी बोलताना टेकायला एक पार देणे हे गावाचे कर्तव्य आहे.

एकदा संग्रामदुर्ग उभा राहिला की वसंतातल्या एका दिवसाची सहल आपोआप आखली जाते. सकाळी चाकणच्या चक्रेश्वराचे दर्शन आणि मंदिराजवळची जुनी शिल्पे, मग ऊन चढण्याआधी किल्ला. दुपारचा डबा किल्ल्यातल्या सावलीत. उन्हे कलली की तळेगावच्या रस्त्याने इंदोरी. सरसेनापती खंडेराव दाभाड्यांनी अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात बांधलेला हा भुईकोट इंद्रायणीच्या काठावर आहे. त्याचा भव्य दरवाजा अजून ताठ उभा आहे, आत कडजाई देवीचे देऊळ आहे आणि मागे नदी. तिथून तळेगाव दाभाडे, जिथे सेनापतीपदाचा कारभार सांभाळणाऱ्या उमाबाई दाभाड्यांची समाधी आहे. पेट्रोलचा खर्च थोडा आणि घाटातल्या वाहतूककोंडीची कटकट नाही. पट्ट्यातल्या शाळांना तर याहून सोयीची सहल मिळणार नाही.

नगरपरिषदांची आणि महापालिकांची अंदाजपत्रके फेब्रुवारी-मार्चमध्येच मांडली जातात. चाकण नगरपरिषदेने येत्या अंदाजपत्रकात किल्ल्यासाठी स्वतंत्र शीर्षक उघडावे, त्यात माळ्यांचे पगार, राडारोडा उचलणे, शौचालय आणि सांडपाणी शुद्ध करून बागेला देण्याची सोय एवढ्या चार बाबी नावानिशी घालाव्यात. पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे मोठा उद्यान विभाग आणि रोपवाटिका आहेत. तिने रोपे आणि तांत्रिक मदत द्यावी. पळसाच्या शेंगा मे महिन्यात पिकतात. त्या खेडच्या माळांवरून शाळेच्या मुलांनी गोळा केल्या आणि जूनच्या पहिल्या पावसात पेरल्या तर रोपांचाही खर्च नाही. पांगारा तर फांदी खोचली तरी जगतो.

काटेसावरीच्या फुलांच्या देठाकडचे हिरवे कप आपल्याकडे काही भागांत वाळवून भाजी-आमटीत घालतात. किल्ल्यातल्या परसाची जबाबदारी गावातल्या महिला बचत गटांना दिली तर अशा रानभाज्यांची एक चूलही तिथे गुरुवारी पेटू शकते. शिवजयंतीची मिरवणूक दर वर्षी चाकणमधून जाते. येत्या वर्षी ती काढणाऱ्या मंडळांनी आपल्या वर्गणीतला एक हिस्सा संग्रामदुर्गाच्या तटावरची झाडे शास्त्रशुद्ध काढण्यासाठी बाजूला ठेवावा आणि तसे पत्र आजच पुरातत्त्व खात्याला द्यावे.